उचल दिली म्हणजे मजुरी दिली?

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर मजुरीचा विषय निघाला. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही पैगंबरांची (स.) शिकवण एकाने आठवून दिली. त्यावर मुकादमकी करणारा एकजण पटकन म्हणाला, "आम्ही तर घाम यायच्या आधीच देतो!" सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत त्या हसण्याची लाज वाटायला लागली.

कारण उचल ही मजुरी नाही, कर्ज आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या पाटोदा तालुक्यातून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाते. वर्गातली पोरंही त्यांच्यामागे जातात. दर टनावर, वजन कारखान्याच्या काट्यावर आणि हिशेब मुकादमाच्या वहीत. आजारपणाचा खाडासुद्धा त्याच वहीत चढतो. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षाचा कोयता आताच बांधला गेला. ज्याला काम सोडून जाताच येत नाही, तो संप कशाच्या बळावर करणार? मजुरी आधी ठरवून, सांगून मजूर लावावा, हेही आपल्याच दीनमध्ये आहे. ते मशिदीबाहेर कुणी आठवून दिलं नाही.

साखर मात्र जगभर फिरते. ब्राझीलमध्ये पाऊस कमी पडला की न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात तिचा भाव चढतो. उसाला एफआरपी आहे, 14 दिवसांत पैसे देण्याचं कायद्याचं बंधन आहे. ते किती पाळलं जातं हा वेगळा विषय. तोडणाऱ्याच्या हातात फक्त साखर संघाशी होणारा करार. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ मिळाली, तीही निम्मा हंगाम उलटल्यावर. त्याच वर्षी मार्चमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापलं की कोका-कोला आणि पेप्सीला साखर पुरवणाऱ्या महाराष्ट्रातल्या उसाच्या फडात कर्जाने बांधलेले मजूर आहेत, बालविवाह आहेत, गर्भपिशव्या काढलेल्या बाया आहेत. आपल्याकडे त्या बायांची चर्चा 2019 मध्येच झाली होती, विसरलीही गेली. कंपनी म्हणणार आमची नियमावली आहे. कारखाना म्हणणार आमचा करार मुकादमाशी आहे, मजूर आमच्या हजेरीपटावर नाहीत. आणि मुकादम? तो जुम्याला आपल्या शेजारी उभा असतो.

आता आपल्या पगारदारांकडे येतो, कारण हे वाचणारे बहुतेक आपणच. 1991 नंतर मोबाइल आले, गाड्या आल्या, वेतन आयोग आले. आपल्याला वाटलं जागतिकीकरण आपल्याच घरी पाहुणं आलंय. गिरणी कामगाराचं काय झालं ते मुंबईचं दुखणं, कोयत्याचं काय होतं ते त्याचं नशीब. मग 2000 मध्ये शिक्षणसेवक आला. तेच शिकवणं, तोच फळा, पण पगार नाही, मानधन. प्राथमिकला महिना 3000 रुपये. नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. कायम कामावरचा माणूस महाग पडतो, हा कारखानदाराचा हिशेब सरकारनेही शिकून घेतला होता. आपल्या संघटनांनी निवेदनं दिली, आणि ज्यांचं आधीचं शाबूत होतं ते निवांत राहिले.

मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संप झाला. मीही होतो त्यात, आणि मागणी रास्तच होती, आजही आहे. त्याच दिवसांत कोयते गावाकडे परतत होते. घोषणा देणाऱ्या आमच्या शेजारून ट्रॅक्टर गेले, वर भांडी, शेळ्या, आमचेच विद्यार्थी. एका पोराने मला बघून हात हलवला. आमच्या मागण्यांच्या कागदावर त्याच्या आईबापाबद्दल एक ओळ नव्हती. कंत्राटी शिक्षकांबद्दल बोललो, तर एक सहकारी म्हणाले, "सर, मागण्या वाढवल्या की आपलं राहून जातं."

नंतरच्या एका बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. कंत्राटी शिक्षकांना संघटनेचं सभासद करून घ्यावं, आणि ऊसतोड मजुराला कारखान्याच्या हजेरीपटावर नाव मिळावं या मागणीला जाहीर पाठिंबा द्यावा. इतिवृत्तात त्याची नोंद 'विषयांतर' अशी झाली. पुढच्या बैठकीत मी तेच पुन्हा मांडणार आहे.