जुन्या गाडीचा जमाखर्च

व्यापारी घरातील गाडी दोन वह्यांत नोंदलेली असते. पहिली वही दुकानाची. तिच्यात दरवर्षी १५ टक्के घसारा पडतो आणि १०० रुपयांची गाडी दहा वर्षांनी २० रुपयांच्या आत येते. दुसरी वही घरातील माणसांच्या मनाची. तिच्यात घसारा पडत नाही. मुलीची पाठवणी, पहिल्या नातवाला इस्पितळातून घरी आणणे, भर पावसात अडकलेल्या पाहुण्यांना रात्री बारा वाजता घेऊन येणे, हे सारे त्या वहीत जमेच्या बाजूला लिहिलेले असते. गाडी विकावी की ठेवावी असा प्रश्न उभा राहिला की या दोन वह्यांचा ताळा जुळत नाही.

बार्शीच्या भुसार पेठेतील एका कुटुंबात हा प्रश्न असाच उभा राहिला. गाडी २०१२ सालची बोलेरो. इंजिन निरोगी, पत्रा शाबूत. परंतु घरातील वडीलधारे अण्णा, वय ६८, आठवड्यातून दोनदा परांडा-भूम भागातील शेतकऱ्यांना भेटायला जात, ते हळूहळू जाईनासे झाले. गेले तर परतल्यावर संध्याकाळपर्यंत पाठ टेकून पडून राहत. तूर-उडदाचे नमुने मोबाइलवर दिसू लागले आहेत हे खरे. पण खळ्यावर बसून घेतलेल्या चहाने जो माल दुकानाकडे वळतो, तो छायाचित्राने वळत नाही. हंगामात आवक घटली, तेव्हा मुलाने नव्या गाडीचा विषय काढला. अण्णा एवढेच म्हणाले, “गाडीला काही झालेलं नाही रे, मलाच झालंय.”

मुलाने आकडेमोड केली. १० लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, मुदत ७ वर्षे. मासिक हप्ता सुमारे १६,०९० रुपये. सात वर्षांत बँकेला द्यायची एकूण रक्कम साडेतेरा लाखांच्या घरात, म्हणजे साडेतीन लाख रुपये निव्वळ व्याज. हा आकडा हातात घेऊन तो जुन्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेला, तो गाडीची किंमत विचारायला. मिस्त्रीने किंमत सांगितली नाही. त्याने बॉनेटचा एक कोपरा दोन्ही हातांनी खाली दाबला आणि सोडला. गाडी एकदा वर येऊन स्थिर व्हायला हवी होती. ती तीन-चार वेळा झुलली. मिस्त्री म्हणाला, “शेठ, गाडी म्हातारी झालेली नाही, तिचे गुडघे गेलेत. अण्णांची पाठ त्यांच्या वयामुळे नाही, या गुडघ्यांमुळे दुखतेय.”

हे गुडघे म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखे आहे. गाडीचे वजन स्प्रिंग पेलतात. बोलेरोसारख्या गाडीत पुढे गुंडाळीची स्प्रिंग आणि मागे पोलादी पाटे असतात. खड्ड्यात चाक आदळले की स्प्रिंग दबते आणि ती शक्ती साठवून पुन्हा उसळते. ही उसळी आवरण्याचे काम शॉक अ‍ॅब्जॉर्बरचे, ज्याला गॅरेजमध्ये शॉकअप म्हणतात. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या हलला की ते तेल बारीक छिद्रांतून जाते आणि उसळीची शक्ती उष्णतेत विरून जाते. तेल गळाले किंवा आतील झडपा झिजल्या की चाक रस्त्याला धरून राहत नाही, टप्पे घेत धावते. केवळ कंबर दुखणे एवढाच त्याचा परिणाम नाही. जे चाक क्षणभर हवेत आहे, त्याला ब्रेक लागून उपयोग नसतो. म्हणून खराब रस्त्यावर गाडी थांबायला अधिक अंतर लागते. शॉकअपचा खर्च आरामाच्या खात्यात लिहिला जातो. वास्तविक तो सुरक्षिततेच्या खात्यात लिहायला हवा.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे आणि तो चुकला तर पैसा वाया जातो. आधी टायर पाहावेत. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते; ‘२३१८’ असे असेल तर तो टायर २०१८ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. रबर न वापरताही कडक होते. पाच-सहा वर्षांनंतर त्याची दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षे झाली असतील, तर नक्षी शिल्लक दिसली तरी तो बदलावा. हवा किती भरायची हे दरवाजाच्या चौकटीवरील चिकटपट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ती पंपावरच्या मुलाच्या अंदाजावर सोडू नये. या गाडीतून माल न्यायची सवय असल्याने मागच्या चाकांत नेहमीच जास्त हवा असे, आणि रिकाम्या गाडीत तीच हवा पाठीला बसे. एक पैसाही खर्च न होता पहिला फरक येथेच पडला.

त्यानंतर रबरी बुश. सांध्यासांध्यांत बसवलेले हे छोटे भाग फाटले की गाडी खडखडते आणि चालक शॉकअपला दोष देतो. मग शॉकअप, ते पुढचे दोन किंवा मागचे दोन असे जोडीनेच बदलायचे, नाहीतर एक बाजू घट्ट व एक सैल राहून वळणावर गाडी ओढते. साधे तेलाचे आणि गॅसचे असे दोन प्रकार मिळतात. गॅसच्या प्रकारात नायट्रोजनच्या दाबामुळे तेलाला फेस येत नाही, त्यामुळे सलग खराब रस्त्यावर ते थकत नाहीत. मात्र किंचित कडक वाटतात. शेवटी पाटे. ते काढून स्वच्छ करणे, तुटलेले पान बदलणे, बसलेली कमान पुन्हा उठवून घेणे आणि शॅकलचे बुश नवे घालणे, एवढ्यावर बहुतेक गाड्या सुधारतात. यू-बोल्ट काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यावे लागतात. सर्व झाल्यावर अलाइनमेंट. ती आधी करून घेणे म्हणजे तेरीज मांडण्यापूर्वी ताळेबंद काढण्यासारखे आहे.

या वाटेवर काही मोह आडवे येतात. पहिला, माल नेता यावा म्हणून पाट्यात जास्तीचे पान घालणे. त्याने भरलेली गाडी सावरते, पण रिकामी गाडी दगडासारखी चालते. आणि या घरात गाडी बहुतेक वेळा रिकामीच जाते. दुसरा, गुंडाळीच्या वेढ्यांत रबरी ठोकळे बसवणे. ते स्वस्त असतात आणि गाडी वर उचलल्यासारखी दिसते, परंतु त्या जागी स्प्रिंगचे वेढे दबणे थांबते आणि ताण उरलेल्या वेढ्यांवर जातो. तिसरा मोह तरुणांचा: गाडी उंच करणे, रुंद टायर घालणे. उंच गाडी वळणावर कलंडण्याची भीती वाढते, हा एक भाग. दुसरा भाग कायद्याचा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदलास मनाई करते, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत त्यावर शिक्कामोर्तब केले आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा भाग बसवणे यात मोडत नाही.

मग प्रश्न आला संगीताचा. नातवाला डिकीत मोठा भोंगा हवा होता. अण्णांना फक्त आकाशवाणीच्या बातम्या आणि दुकानाचे फोन नीट ऐकू यायला हवे होते. जुना संच पूर्ण आवाजात लावूनही शब्द कळत नसत आणि त्या गोंगाटात मागच्या ट्रकचा हॉर्नही ऐकू येत नसे. येथेही क्रम महत्त्वाचा. आधी गोंगाट कमी करायचा, मग आवाज वाढवायचा. दरवाजांचे वाळलेले रबर बदलणे आणि पुढच्या दोन दरवाजांच्या पत्र्याला आतून ब्युटाइल रबराचे तक्ते चिकटवणे, या दोन कामांनी पत्र्याचे थरथरणे थांबते. ते न करता महाग स्पीकर लावले, तर स्पीकरबरोबर दरवाजाही वाजतो.

खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. ‘४ × ५०’ असे लिहिलेला संच सलग देतो तो प्रत्येक स्पीकरला १५ ते २० वॅटच. खरा आकडा ‘आरएमएस’ या शब्दापुढे लिहिलेला असतो. त्याहून उपयोगी आकडा स्पीकरच्या संवेदनशीलतेचा, जो डेसिबलमध्ये देतात. ३ डेसिबल अधिक म्हणजे तेवढाच आवाज निम्म्या शक्तीत. ८८ डेसिबलच्या स्पीकरला ३० वॅट लागतात, तेथे ९१ डेसिबलच्या स्पीकरला १५ पुरतात. म्हणून साध्या संचावर जास्त डेसिबलचे पुढचे दोन स्पीकर लावले, की वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरची गरज बहुतेक घरांना उरत नाही. डॅशबोर्डची खाच मोजून घ्यावी: एकेरी मापाची सुमारे १८० × ५० मिलिमीटर, दुहेरी १८० × १००.

खरा धोका वायरिंगचा. मूळ वायर कापून, पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळणे ही गाडीला आग लागण्याची पूर्वतयारी होय. योग्य कपलर लावला तर एकही वायर कापावी लागत नाही. बाहेरून घेतलेल्या संचांत सामान्यतः पिवळी वायर बॅटरीची कायम जोडणी, लाल चावीची आणि काळी अर्थिंगची असते. लाल वायर कायम जोडणीला लावली तर संच बंदच होत नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. कधी अ‍ॅम्प्लिफायर घेतलाच, तर बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत त्याचा स्वतंत्र फ्यूज हवा.

या गाडीचे बिल असे झाले: चार शॉकअप ८,०००, पाटे व बुश ६,०००, अलाइनमेंट व मजुरी ३,५००, चार टायर २२,०००. संच ६,५००, पुढचे दोन स्पीकर ३,०००, दरवाजांचे रबर व तक्ते ३,०००, कपलर, फ्यूज व मजुरी १,५००. एकूण ५३,५०० रुपये. म्हणजे नव्या गाडीच्या साडेतीन हप्त्यांहूनही कमी. भाव गावागणिक बदलतील, प्रमाण फारसे बदलणार नाही.

ही रक्कम वहीत कशी घालावी, हेही पाहावे. झिजलेल्या भागाच्या जागी तसाच भाग घातला तर तो चालू दुरुस्तीचा खर्च. नवे साधन बसवले तर ती भांडवली भर, तिच्यावर घसारा मिळतो. घरगुती वापराचा हिस्सा दोन्हींतून वगळावा लागतो. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत अनेक दुकानदार चूक करतात: चालकासह १३ पर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीच्या दुरुस्तीवरील कराची वजावट कलम १७(५) प्रमाणे सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही. नवा संच विमा कंपनीला कळवून, जादा हप्ता भरून पॉलिसीत नोंदवावा. न नोंदवलेला संच चोरीस गेला तर दाव्यात धरला जात नाही. आणि अपघात झालाच, तर रबर, प्लास्टिक व टायर यांची भरपाई साध्या पॉलिसीत निम्मीच मिळते.

मात्र मुलाची काळजी अगदीच चुकीची नव्हती, हे अण्णांनाही मान्य करावे लागले. नव्या मोटारींना एबीएस व चालकाची एअरबॅग २०१९ पासून सक्तीची झाली. या गाडीत दोन्ही नाहीत, आणि कोणताही शॉकअप त्यांची जागा घेऊ शकत नाही. शिवाय नोंदणीची १५ वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होतात. पुढे पाच वर्षांचे नूतनीकरण घ्यायचे तर तपासणी, शुल्क आणि पर्यावरण कर आहेच. म्हणून दोघांनी मिळून ठरवले: गाडी खेड्यांच्या फेऱ्यांसाठी राहील. नातवंडांना घेऊन रात्रीचा महामार्ग तिच्यातून करायचा नाही, त्यासाठी भाड्याची नवी गाडी बोलवायची. आणि न भरावा लागणारा हप्ता खर्चात विरू न देता, दरमहा १६,००० रुपयांची आवर्ती ठेव उघडायची. वर्षाला १,९२,००० मुद्दल आणि वर व्याज. नव्या गाडीची वेळ येईल तेव्हा कर्ज तेवढ्याने कमी.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या मंगळवारी अण्णा भूमला जाऊन आले. दुपारी साडेतीनला गाडी दारात थांबली. सुनेने सवयीने गादी घातली होती. अण्णा घरात आलेच नाहीत. थेट पेढीवर जाऊन त्यांनी तीन शेतकऱ्यांच्या उडदाचा भाव मुलाला लिहून घ्यायला सांगितला.

ज्या घरापुढे अशी जुनी गाडी उभी आहे, तेथील कोणीही या रविवारी दोन गोष्टी कराव्यात. चारही कोपरे दाबून पाहावेत, आणि चारही टायरवरचे चार अंक वाचावेत. दोन्हींना पैसे लागत नाहीत.