सातबाऱ्यावर सौभाग्य कशाला?



सरकारी फॉर्मवर पहिला रकाना नावाचा असतो. पुरुषाने 'श्री.' लिहावे आणि पुढे चालावे. लग्न झालेले असो-नसो, बायको जिवंत असो की वारलेली, 'श्री.' हलत नाही. बाईसमोर मात्र तीन शब्द ठेवलेले असतात : कु., सौ., श्रीमती. म्हणजे जमीन किती, पेरा कशाचा, कर्ज किती हे विचारण्याआधी तिला विचारायचे, तुला नवरा आहे का, आणि असला तर जिवंत आहे का? ह्या प्रश्नाचा पीककर्जाशी संबंध काय, हे आजवर एकाही साहेबाने आम्हाला समजावून सांगितलेले नाही.

कोणी म्हणेल, कापसाला भाव नाही, ज्वारी घरात पडून आहे, आणि तुम्ही नावामागच्या दोन अक्षरांचे काय घेऊन बसलात? भाव हा आपला पहिला प्रश्न आहे आणि राहील. पण विम्याचे, अनुदानाचे, नुकसानभरपाईचे जे चार पैसे निघतात ते आता नाव जुळले तरच खात्यात पडतात. शेतकरी ओळख क्रमांक काढताना आधारवरचे नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी ताडून पाहतात, आणि १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा झाला आहे. पुरुषाचे नाव बारशापासून तिरडीपर्यंत एकच. चुकला तर काना-मात्रा चुकतो. बाईचे काय होते ते पाहा.

समजा, कुसुम नावाची मुलगी आहे. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, पुढे बापाचे नाव, बापाचे आडनाव. लग्नात सासरच्यांनी तांदळात नाव लिहिले, वैशाली. रेशनकार्डावर झाली सौ. वैशाली आणि नवऱ्याचे नाव. आधार काढणाऱ्याने जो कागद समोर आला त्यावरून उतरवून घेतले. बाप वारला आणि भावांनी प्रामाणिकपणे बहिणीचे नाव वारसात लावले, तर तिथे पुन्हा कुसुम. नवरा गेला की सासरच्या उताऱ्यावर तिसरेच काही. विदर्भातल्या जुन्या उताऱ्यांवर 'जौजे अमुक', 'बेवा तमुक' अशा नोंदी सापडतात. जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा. दुसरीकडे 'कोम' लिहितात, नाहीतर 'भ्र.', म्हणजे भ्रतार. निंदणाला आणि वेचणीला जाणारी बाई एक, कागदावर चार. ह्या चौघी एकच आहेत हे संगणकाला कोणी पटवायचे? मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, तालुक्याच्या चकरा आणि ऐन वेचणीत बुडालेले दिवस.

आम्ही शेतीशास्त्र शिकलो, म्हणून तिथलाच दाखला देतो. बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर असतो. पिशवी गोदामातून दुकानात आणि दुकानातून तुमच्या घरात आली तरी नंबर बदलत नाही. उगवण झाली नाही तर तक्रार त्याच नंबरावर चालते. सरकीच्या पिशवीला जी सोय आहे, ती सरकी लावणाऱ्या बाईला नाही! (सरकारने २०२४ मध्ये तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी' केले. त्यासाठी कुठल्या तलाठ्याला स्टँपपेपर आणावा लागल्याचे ऐकिवात नाही.)

कायदा बाईच्या बाजूने पुष्कळ पुढे आलेला आहे. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने बाईच्या नावे जमीन करण्याची हाक दिली, ती लक्ष्मीमुक्ती. नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याचे परिपत्रक सरकारने १९९२ साली काढले. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाबरोबरचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. जमीन दारापर्यंत आली, पण दारात उभी असलेली बाई कोण हे कागदाला ओळखता येत नाही. अशाने भावाचेही फावते. 'ताईचं नाव कागदावर जुळत नाही, सध्या राहू दे' असे म्हटले की हक्कसोडावर अंगठा व्हायला वेळ लागत नाही.

सरकारला हे अगदीच दिसत नाही असे नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बापाच्या आधी लिहायचे ठरले. चांगले झाले. पण त्याच निर्णयात विवाहित बाईच्या नावापुढे नवऱ्याचे नाव लावण्याची पद्धत तशीच ठेवली. मिळकतीच्या कागदावर लग्नाआधीचे नाव लावण्याची मुभा तेवढी दिली. त्याआधी, एप्रिल २०२३ मध्ये, राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' ह्या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्यावर चर्चा करा असे आपल्या विभागाला लिहिले. ओरड झाली, तेव्हा निर्णय काही झालेला नाही असा खुलासा आला. हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ साली कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची चाल बंद केली, आणि वर्षभरात मंत्रालय नवे गोंडस नाव शोधत बसले. अहो, नाव शोधायचेच कशाला? बायको मेलेल्या शेतकऱ्यासाठी कोणी नाव शोधले आहे काय?

आमच्या मायबहिणींचा एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'सौ. खोडायचं म्हणजे धन्याचं वाईट चिंतल्यासारखं होतं.' आम्ही म्हणतो, सौ. तुमचे आहे, लग्नपत्रिकेवर लावा, हळदीकुंकवाच्या आमंत्रणावर लावा, त्याला हात लावणारे आम्ही कोण? पण दुसरी बाजूही बघा. धनी गेला, तेरावे झाले, आणि बाई वारसनोंदीला किंवा सोसायटीत कर्ज विचारायला गेली की खिडकीतला बाबू फॉर्म परत ढकलून सांगतो, 'बाई, आता सौ. खोडा, श्रीमती करा.' चार माणसांच्या रांगेत तिने स्वतःच्या हाताने ते खोडायचे. हे दुःख तिच्यावर फॉर्मने लादले आहे, देवाने नव्हे.

गावात दोन सुमनबाई असल्या तर ओळखायच्या कशा, हा प्रश्न तलाठी कचेरीत हमखास येतो. जन्मतारीख आहे, गट नंबर आहे, आधार आहे. दोन रामराव कसे ओळखता?

तेव्हा आमची मागणी अशी. महसूल, कृषी, सोसायटी आणि बँक, सगळ्या फॉर्मवरून कु.-सौ.-श्रीमतीचा रकाना काढा. जन्मनोंदीचे किंवा शाळेच्या दाखल्याचे नाव मरेपर्यंत चालू द्या; कोणाला आपखुशीने बदलायचे तर बदलू द्या. वारसासाठी नाते कळायलाच हवे असेल तर त्याचा रकाना वेगळा ठेवा, आई, बाप की नवरा हे बाईला ठरवू द्या. आणि ज्यांची आजच दोन-तीन नावे झाली आहेत त्यांची 'उर्फ' म्हणून एकत्र नोंद गावातच, पंचनाम्यावर, बिनखर्चाची करून द्या.

ह्याचा ठराव जिल्हा बैठकीत मांडायचा आहे. येताना घरातल्या प्रत्येक बाईच्या सातबारा, आधार आणि पासबुक ह्या तिन्हींच्या झेरॉक्स आणा. माहेरच्या उताऱ्यावर नाव असेल तर तोही आणा. नावे कुठे जुळत नाहीत ते गावनिहाय तिथेच लिहून काढू आणि ती यादी घेऊनच तहसीलदारांकडे जाऊ. आणि भावांनो, झेरॉक्स घेऊन तुम्ही एकटे येऊ नका, जिचे नाव आहे तिला बरोबर आणा.