आईचे दोन जीबी

तर झालं असं. गेल्या रविवारी कऱ्हाडला घरी होतो. जेवणं उरकल्यावर आई फोन घेऊन आली. "अरे, रिचार्ज संपलाय, बघ जरा." मी सवयीने रोज दीड जीबीवाला प्लॅन निवडला. पैसे भरणार, तेवढ्यात ती म्हणाली, "एवढं नेट मला कशाला रे?"

सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. महिन्याचा डेटा: सव्वा जीबी. व्हॉट्सॲप, सकाळचे अभंग, भाजीवाल्याचं यूपीआय आणि भाचीशी एखादा व्हिडिओ कॉल. बस्स. बाकीचा चाळीसेक जीबी मी दर महिन्याला विकत घेत होतो आणि तो रोज रात्री बारा वाजता वाया जात होता. इंजिनिअर पोराला हे आईने दाखवावं, म्हणजे कमालच!

आता आकडे बघू. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा जिओचा २८ दिवसांचा, एकूण २ जीबीचा प्लॅन १८९ रुपयांना झाला आणि रोज दीड जीबीचा २९९ ला. आमचे ऑफिसातले मित्र लगेच कॅल्क्युलेटर काढतात. पहिल्यात एक जीबी पडतो साडेचौऱ्याण्णव रुपयांना, दुसऱ्यात जेमतेम सात रुपयांना. "मग १८९ वाला घेणारा येडाच की!"

मला हे गणितच चुकीचं वाटतं. आई जीबी विकत घेत नाही. ती घेते चालू नंबर, बँकेचा ओटीपी आणि गरजेपुरतं नेट. तिच्यासाठी फरक आहे ११० रुपयांचा. २८ दिवसांचा 'महिना' धरला तर वर्षात १३ रिचार्ज, म्हणजे १४३० रुपये. थाळी 'अनलिमिटेड' आहे म्हणून दोन पोळ्या खाणाऱ्याने दहा पोळ्यांचे पैसे का द्यायचे?

बरं, नेटवर्कचं काय? टॉवरची क्षमता त्या भागातले सगळे फोन वाटून घेतात. अडचण महिन्याच्या एकूण जीबीची नसते, एकाच वेळी किती जण ओढतात याची असते. रात्री नऊला आयपीएलची मॅच चालू असताना टॉवर गुदमरतो, पहाटे चारला तोच रिकामा असतो. स्पेक्ट्रम, टॉवर, वीज यांचा बहुतेक खर्च कुणी नेट वापरो न वापरो, होतोच. म्हणून सव्वा जीबी वापरून १८९ रुपये देणारी आई हे कंपनीसाठी फायद्याचंच गिऱ्हाईक आहे. गर्दीत भर जवळजवळ नाही, आणि खर्चात वाटा मात्र उचलते.

उलट रोजच्या कोट्याने गर्दी कमी होते, हे मला पटत नाही. कोटा रात्री बाराला नव्याने मिळतो, उरलेला पुढे जात नाही. मग माणूस म्हणतो, पैसे भरलेत ना, वापरून टाकू. आणि तो वापरतो कधी? जेवण झाल्यावर, म्हणजे नेमका गर्दीच्या वेळी!

पण छोटा प्लॅन म्हणजे आपोआप चांगला प्लॅन, असंही नाही. अमेरिकेत एटी अँड टीने जून २०१० मध्ये नव्या स्मार्टफोन ग्राहकांसाठी ३० डॉलरचा अनलिमिटेड प्लॅन बंद केला आणि १५ डॉलरला २०० एमबी, २५ डॉलरला २ जीबी असे दोन प्लॅन आणले. कंपनीचं म्हणणं, ६५ टक्के स्मार्टफोन ग्राहक सरासरी २०० एमबीसुद्धा वापरत नाहीत. म्हणजे त्यांची खरंच बचत होती. पण २०० संपले की पुढच्या २०० ला आणखी १५ डॉलर. २१० एमबी वापरणाऱ्याला ३० डॉलर आणि २ जीबी घेणाऱ्याला २५! गोम मर्यादेत नव्हती, ती ओलांडल्यावर काय होतं त्यात होती.

आपल्याकडे प्रीपेडमुळे बिल असं फुगत नाही. पण कोटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर आला, तर २ एमबीचं साधं पान उघडायला चार मिनिटं लागतात. अशा वेळी दवाखान्याच्या काउंटरवर यूपीआय अडकलं तर?

म्हणून माझं मत असं: छोटे प्लॅन हवेतच, पण तीन अटींवर. डेटा रोजचा नको, एकूण द्या. मुदत लांब ठेवा. आणि कोटा संपल्यावरही पैसे भरणं आणि मेसेज नीट चालेल एवढा वेग द्या. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन देणं कंपन्यांना बंधनकारक केलं, व्हाउचरची कमाल मुदतही ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. चांगलं झालं. पण 'अजिबात नेट नको' आणि 'रोज दीड जीबी' यांच्या मधेही माणसं राहतात. कंपन्यांचं लक्ष दरमाणशी कमाईवर, त्यामुळे ही माणसं त्यांना दिसत नाहीत.

असो. आईचा १८९ चा रिचार्ज मारला. प्ले स्टोअरचे आपोआप होणारे अपडेट 'फक्त वायफायवर' करून ठेवले, नाहीतर दोन जीबी त्यातच गेले असते. उरलेल्या ११० रुपयांचं काय करायचं, विचारलं. म्हणाली, "पेट्रोलला घाल, पुढच्या रविवारीही ये."

एकदा तुमच्या घरच्यांच्या फोनचा महिन्याचा वापर बघाच.