समुद्रपर्यटन आणि बेटांवरची माणसे

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झाली आणि आईवडील हिवाळ्यात त्यांच्याकडे राहावयास गेले, की नाताळच्या सुट्टीत एक बेत हमखास निघतो. सगळ्यांनी मिळून कॅरिबियन समुद्रात आठवडाभर बोटीची सहल करावयाची, हा तो बेत. अशा सहलीस हल्ली ‘क्रूझ’ हे नाव रूढ झाले आहे. आपल्या परिचयातील कित्येक कुटुंबे ती करून आली आहेत व आणखी कित्येक करण्याच्या विचारात असतील. तेव्हा ह्या सदरात या खेपेस तिच्याविषयी दोन शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. ह्या सहलीत काय काय मिळते, हे सांगणारी माहितीपत्रके पुष्कळ आहेत; ती कोणत्या दृष्टीने करावी, हे मात्र त्यांत सापडत नाही.

प्रथम सोयीचा भाग पाहू. कारण तो खरोखरच मोठा आहे. २०२४ च्या जानेवारीत मायामीच्या बंदरातून ‘आयकॉन ऑफ द सीज’ ही बोट प्रथम प्रवासी घेऊन निघाली. त्या वेळी जगातील सर्वांत मोठी अशी ही प्रवासी बोट सुमारे ३६५ मीटर लांब असून तिला वीस मजले आहेत. ७,६०० पर्यंत प्रवासी व २,३५० च्या आसपास नोकरवर्ग तिच्यावर मावतो. म्हणजे आपल्याकडील एखादे तालुक्याचे लहानसे गावच पाण्यावर तरंगत असते म्हणा ना! पिण्याचे व वापरण्याचे गोडे पाणी बरेचसे समुद्राच्याच पाण्यापासून बोटीवर तयार करतात. लाटांनी बोट फार डोलू नये म्हणून तिच्या दोन्ही अंगांस, पाण्याखाली, माशाच्या परांसारखे पंख बसविलेले असतात.

तीन पिढ्यांच्या कुटुंबास ही व्यवस्था फार मानवते. सामान एकदाच खोलीत लावावे. गाव बदलते, पण बिछाना बदलत नाही. आजोबांचे गुडघे दुखत असले तर त्यांनी वरच्या मजल्यावर खुर्ची टाकून समुद्र पाहावा, नातवंडांनी पोहण्याच्या हौदात डुंबावे. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की घरच्या गृहिणीस सलग सात दिवस ‘आज काय करावयाचे?’ हा प्रश्न पडत नाही. ज्या बाईने तीस-चाळीस वर्षे तो प्रश्न रोज दोनदा सोडविला, तिला ही विश्रांती किती मोलाची वाटत असेल, हे पुरुषवर्गाने मनाशी ताडून पाहण्यासारखे आहे.

व्यवहाराच्या चार गोष्टीही येथेच सांगून टाकू. ह्या समुद्रात वादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात. म्हणून डिसेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम. बोट अमेरिकेतून निघून बहुधा अमेरिकेतच परत येते. तेव्हा एकदा बाहेर पडून पुन्हा आत येण्याची मुभा देणारा व्हिसा आहे ना, हे आधी पाहावे, व वाटेवरील प्रत्येक बेटाचे नियमही विचारून घ्यावेत. शाकाहाराची सूचना तिकीट काढतानाच लेखी द्यावी. भाड्यात राहणे व नेहमीचे जेवण येते. पेये, किनाऱ्यावरच्या सहली व नोकरांची बक्षिसी यांचा खर्च बहुधा निराळा असतो. बोट सुटण्याच्या सुमारास संकटकाळी कोठे जमावयाचे ह्याची तालीम घेतात. ती कंटाळवाणी वाटली तरी म्हाताऱ्यांनी व मुलांनीही चुकवू नये.

येथपर्यंत झाले सोयीचे. पण सोय ज्यांच्या हातून होते, त्यांच्याकडेही दृष्टी वळविली पाहिजे. खोली झाडणारा, ताट उचलणारा, यंत्राशी घाम गाळणारा हा वर्ग बराचसा फिलिपाईन्स, इंडोनेशिया व आपला हिंदुस्थान ह्या देशांतला असतो. त्यांत गोव्याची माणसे तर पुष्कळच. अशा दर्यावर्दी माणसास गोव्यात ‘तारवटी’ म्हणतात, आणि तारवटी नाही असे घर कित्येक गावांत शोधावे लागेल. सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांचे करार करून ही माणसे घरापासून दूर राहतात. बोटी पुष्कळदा बहामा किंवा पनामा ह्या देशांच्या निशाणाखाली नोंदविलेल्या असतात. कारण तेथील कराचे व मजुरीचे कायदे मालकास हलके पडतात. आपली आठ दिवसांची सुट्टी ही त्यांची आठ दिवसांची अहोरात्र चाकरी असते, एवढे ध्यानात ठेवून त्यांच्याशी नाव विचारून दोन शब्द बोलावे. त्यांत कोणी कोकणी-मराठी बोलणारा निघाला, तर त्याला जो आनंद होतो तो कोणत्याही बक्षिसीने होणार नाही.

आता मुख्य मुद्दा. मायामीहून बारमाही सहलींचा हा धंदा १९६६ पासून वाढीस लागला. प्रथम बोट हे बेटे पाहण्याचे साधन होते. पण बोटी जसजशा मोठ्या झाल्या, तसतशी बोट हेच साध्य होऊन बसले. १९७७ साली एका कंपनीने बहामातील एक लहानसे बेट केवळ आपल्या प्रवाशांसाठी राखून ठेवले, आणि मग इतरांनीही तीच वाट धरली. अशा बेटावर वाळू आहे, पाणी आहे, छत्र्या आहेत. नाही ती तेथली माणसे! इतर बंदरांतही बोट सकाळी लागते व सायंकाळी सुटते. त्यातले दोन-चार तास धक्क्यावरच्या दुकानांत गेले, की ‘आम्ही पाच बेटे पाहिली’ असे म्हणावयास प्रवासी मोकळा. देवळाच्या पायरीवरून परतून देवदर्शन झाले असे सांगण्यासारखेच हे आहे.

आणि ती बेटे आपणांस परकी आहेत काय? त्यांचा इतिहास पाहा. १४९३ सालच्या दुसऱ्या सफरीत कोलंबसाने ऊस तेथे नेला, आणि पुढे त्या उसासाठी आफ्रिकेतून लक्षावधी माणसे गुलाम करून आणली गेली. इंग्रजी वसाहतींत १८३४ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली व १८३८ साली ती माणसे खरोखर सुटली. त्या वेळी दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना; गुलामांच्या हाती कवडी पडली नाही. मुक्त झालेले लोक मळ्यांत राबावयास राजी होईनात, तेव्हा मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. १८४५ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याहून ‘फतेल रझाक’ नावाचे शिडाचे जहाज सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन निघाले. आफ्रिकेस वळसा घालून, तीन महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून, ३० मे रोजी ते त्रिनिदादला लागले. त्याच महिन्यात जमैकातही असे पहिले जहाज आले. १९१७ पर्यंत एकट्या त्रिनिदादमध्ये सुमारे १,४४,००० व जमैकात ३६,००० हून अधिक हिंदी मजूर उतरले. बहुतेक लोक आजच्या बिहारातील व पूर्व उत्तर प्रदेशातील होते. मार्टिनीक व ग्वादलूप ह्या फ्रेंच बेटांवर तमिळ मुलुखातून माणसे गेली. तेथील लोकांच्या स्वयंपाकात ‘कोलंबो’ नावाचा मसाला आजही असतो.

ह्या जहाजांवर एका ठिकाणचे अन्न सर्वांनी खावयाचे असे. सोवळेओवळे पाळणे अशक्यच होते. पण त्या हालांतून एक नवे नाते जन्मास आले. एका जहाजातून आलेले लोक एकमेकांस ‘जहाजी भाई’ म्हणू लागले, आणि हे नाते रक्ताच्या नात्याइतके जपले जाऊ लागले. आपण एका कुटुंबाचे म्हणून बोटीवर चढतो आणि दिवसभर आपापल्या करमणुकीत पांगतो. ते एकमेकांचे कोणी नव्हते आणि उतरले ते भाऊ होऊन!

त्याच काळी आपल्या घरांत काय चालले होते? समुद्रगमनाने मनुष्य पतित होतो असे बौधायनाच्या धर्मसूत्रात आहे, आणि कलिवर्ज्यांतही त्याची गणना झालेली. परदेशी जाऊन आलेल्यास प्रायश्चित्त द्यावे किंवा कसे, ह्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे वाद माजले. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठी कलकत्त्याहूनच अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांना श्रीरामपुरास जाहीर भाषण करून आपल्या जाण्याचे समर्थन करावे लागले. ज्या बंदरातून एका सुशिक्षित ब्राह्मण स्त्रीला जाण्यासाठी जगाला कारणे सांगावी लागली, त्याच बंदरातून हजारो गरीब स्त्रीपुरुष काळे पाणी ओलांडून जात होते, आणि त्यांच्या जाण्याची कारणे विचारावयास कोणी पुढे आले नव्हते. शास्त्रार्थ झाला तो आपल्यापुरता!

पुढे त्यांची बाजू घेऊन जे कायदेकौन्सिलात उभे राहिले ते आपल्याच पुण्याचे नामदार गोखले होते, हे मात्र अभिमानाने सांगितले पाहिजे. नाताळ वसाहतीसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव त्यांनी १९१० साली मांडला व तो मान्य झाला. १९१२ च्या मार्चमध्ये ही करारबंद मजुरीची पद्धत सर्वत्रच बंद करावी असा ठराव त्यांनी आणला. तो सरकारी बहुमतामुळे फेटाळला गेला. १९१७ साली भरती थांबली, पण ते पाहावयास गोखले हयात नव्हते; १९१५ सालीच ते गेले होते.

आनंदाचा दुवाही आहे. १९७१ साली अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघाने पोर्ट ऑफ स्पेन येथे वेस्ट इंडीजवर आपला पहिला कसोटी विजय मिळविला. त्या दौऱ्यात सुनील गावसकरांनी चार सामन्यांत ७७४ व मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी ६४२ धावा काढल्या. आपले सुभाष गुप्ते तर लग्न करून त्रिनिदादलाच स्थायिक झाले व २००२ साली तेथेच वारले.

तेव्हा आमची सूचना एवढीच, की मार्ग निवडताना बेटांची संख्या मोजू नये. एखाद्या ठिकाणी पूर्ण दिवस मिळतो किंवा नाही ते पाहावे. मुलांना निघण्यापूर्वी नकाशा उघडून, कोण कोठून व कसे तेथे गेले ते सांगावे. धक्क्यावरच्या दुकानांऐवजी गावातला बाजार, वस्तुसंग्रहालय, जुना मळा पाहावा. नेहमीच्या मार्गांवर त्रिनिदाद क्वचितच येते. शक्य असल्यास विमानाने दोन दिवस वेगळे जावे. तेथे वॉटरलू गावी समुद्रात बांधलेले एक देऊळ आहे. शिवदास साधू नावाच्या मजुराने प्रथम ते साखर कंपनीच्या जमिनीवर उभारले होते; ते पाडण्यात आले व १९५२ साली त्याला तुरुंगात जावे लागले. सुटून आल्यावर, जमीन कोणाची तरी असते पण समुद्र कोणाचाच नाही, असा विचार करून त्याने सायकलवरून दगडमाती वाहून कित्येक वर्षे समुद्रातच भर घातली व देऊळ पुन्हा उभे केले.

ज्या समुद्राला आपण विटाळ मानीत होतो, त्यातच त्या माणसाने देवाला जागा करून दिली. बोटीवरचे सुख अवश्य भोगावे. त्यात गैर काही नाही. पण परत आल्यावर मुलांच्या तोंडी पोहण्याच्या हौदाबरोबर ‘जहाजी भाई’ हा शब्दही असला, तर खर्च सत्कारणी लागला असे समजावे.