पास देणाऱ्याचे नाव

१९२८ च्या मार्च महिन्यात 'कैसर-ए-हिंद' ही आगबोट मुंबई बंदरातून निघाली, तेव्हा तिच्यावर ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकला जाणारा हिंदुस्थानचा पहिला हॉकी संघ होता आणि त्याला निरोप देण्यास धक्क्यावर इनमीन तीन माणसे हजर होती: हॉकी महासंघाचे दोन पदाधिकारी आणि एक पत्रकार. निघण्यापूर्वी याच संघाचा मुंबईच्या निवडक खेळाडूंशी सामना झाला होता व त्यात तो ३-२ असा हरला होता. तेव्हा घरच्या संघाकडून मार खाऊन परदेशी निघालेल्या मंडळींसाठी मुंबईकरांनी आपले कामधंदे सोडून बंदरावर यावे, अशी अपेक्षा करणेही तसे अन्यायाचेच. पुढे ॲम्स्टरडॅमला या संघाने पाच सामन्यांत २९ गोल केले, एकही गोल स्वतःवर होऊ दिला नाही, आणि त्या २९ पैकी १४ गोल एकट्या ध्यानचंद नावाच्या बावीस वर्षांच्या लष्करी शिपायाने केले. सुवर्णपदक घेऊन संघ परतला तेव्हा मात्र त्याच बंदरावर माणसांची रीघ लागली होती.

या दोन दृश्यांमध्ये जे काही महिने गेले, त्या अवधीत ध्यानचंदच्या खेळात असा कोणता पालट झाला होता? माझ्या मते फारसा काहीच नाही. तो जो काही व्हायचा होता तो त्याच्या दोन वर्षे आधीच, १९२६ साली, न्यूझीलंडच्या मैदानांवर होऊन चुकला होता. १९२२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, दिल्लीला 'फर्स्ट ब्राह्मण' या पलटणीत भरती होण्यापूर्वी आपण नाव घेण्याजोगी हॉकी खेळल्याचे आपल्याला स्मरत नाही, असे ज्याने पुढे १९५२ साली आपल्या 'गोल' या आत्मचरित्रात प्रांजळपणे नमूद केले, आणि ज्याला सुभेदार-मेजर बाले तिवारी नावाच्या हॉकीवेड्या अंमलदाराने हाती धरून पलटणीच्या मैदानावर घडवले, तो हा तरुण चार वर्षे केवळ लष्करी स्पर्धांतून आणि पलटणी-पलटणींच्या चुरशीतून खेळत होता. अशा स्थितीत हिंदी लष्कराचा संघ न्यूझीलंडला पाठवण्याची तजवीज झाली आणि त्यात त्याची वर्णी लागली. त्या दौऱ्यात संघाने २१ सामने खेळले, १८ जिंकले, २ बरोबरीत सोडवले, एकच गमावला. १९२ गोल केले आणि अवघे २४ घेतले. ध्यानचंदच्या नावावरचे गोल शंभराच्या घरात होते. एका खेळाडूचा एवढा बहराचा हंगाम आपल्या क्रीडेतिहासात फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल. आणि तो हंगाम ज्यांनी डोळ्यांनी पाहिला ती माणसे न्यूझीलंडमधली होती, आपली नव्हती.

मायदेशी परतल्यावर सरकारी दप्तराने या पराक्रमाची दखल घेतली नाही असे नाही. शिपाई ध्यानचंदला लान्स नाईक या हुद्द्यावर बढती मिळाली! बढती लहान होती हे खरे. पण जनतेकडून जे मिळाले त्याच्या मानाने ती पुष्कळच म्हटली पाहिजे, कारण जनतेला त्याचे नावही ठाऊक नव्हते. पुढे ऑलिंपिकची पदके आली, बर्लिनचे ऑलिंपिक आले, १९५६ साली मेजरच्या हुद्द्यावरून निवृत्ती आणि त्याच वर्षी पद्मभूषण आले. परंतु या साऱ्या काळात सामान्य भारतीयाने ध्यानचंदला ओळखले ते बहुतांशी कर्णोपकर्णी. त्याच्या स्टिकमध्ये लोहचुंबक आहे की काय या संशयाने परदेशात ती मोडून तपासली गेली, ही दंतकथा आपल्याकडे शाळकरी मुलालाही पाठ असते आणि ती सांगताना सांगणाऱ्याचा ऊर भरून येतो. मला मात्र ती ऐकताना नेहमी थोडे अवघडल्यासारखे होते. ज्या माणसाने चार वर्षे पलटणीच्या मैदानावर घाम गाळून एक विद्या हस्तगत केली, तिचे श्रेय लोखंडाच्या तुकड्याला देऊ पाहणारी गोष्ट त्याच्या गौरवार्थ सांगावी, यात आपले अज्ञान आपणच मिरवीत नाही काय? ज्याला खेळ कळतो तो जादू म्हणत नाही. तो हात कोठे होता, नजर कोठे होती, चेंडू कोणाकडे गेला, हे सांगतो.

१९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी केशव दत्त हे अशा जाणत्यांपैकी होते. बुद्धिबळाचा खेळाडू पट पाहतो तसे ध्यानचंद मैदान पाहत, आपले आणि प्रतिपक्षाचे गडी कोठे आहेत हे त्यांना न पाहताही ठाऊक असे, असा त्यांचा अभिप्राय होता. १९४७ च्या पूर्व आफ्रिकेच्या दौऱ्यातला एक प्रसंगही ते सांगत. ध्यानचंदने के. डी. सिंग 'बाबू' यांना एक पास दिला, आणि पास देताच गोलाकडे पाठ फिरवून ते सरळ उलट दिशेने चालू लागले. चेंडू आत गेला की नाही हे पाहण्याचीही त्यांनी तसदी घेतली नाही. मागाहून कोणी कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, एवढ्या पासवर ज्याला गोल करता येत नाही तो माझ्या संघात असण्याच्या लायकीचाच नव्हे. चाळिशी ओलांडलेल्या एका माणसाचे चार पावले पाठमोरे चालणे! चुंबकाच्या शंभर गोष्टींपेक्षा हा एक प्रसंग मला त्या खेळाविषयी अधिक शिकवून जातो. कारण शेकडो गोलांचा हा धनी गोलापेक्षा त्याच्या आधीच्या पासला किती मोठे मानीत होता, हे त्यात उघड होते.

आता हा जुना दप्तरखाना कशासाठी उघडला, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, ध्यानचंदच्या पहिल्या हंगामानंतर सुमारे ब्याण्णव वर्षांनी, २०१८ च्या जानेवारीत, त्याच न्यूझीलंडमध्ये टौरंगा येथे विवेक सागर प्रसाद नावाचा एक मुलगा वयाची अठरा वर्षे पुरी होण्याआधी भारताकडून पहिला सामना खेळला, जपानविरुद्धच्या त्या सामन्यात त्याने दोन गोल केले आणि भारताने तो सामना ६-० असा जिंकला. मध्य प्रदेशात इटारसीजवळच्या एका खेड्यातील शाळामास्तरांचा हा मुलगा. त्याच्या खेळावर प्रथम ज्यांची नजर स्थिरावली ते अशोककुमार, म्हणजे ध्यानचंदचे पुत्र आणि १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात क्वालालंपूरला पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल करणारे खेळाडू. त्यांनी त्याला भोपाळच्या राज्य हॉकी अकादमीत नेले. आणि ही नजर कोठे स्थिरावली म्हणाल, तर आपल्या अकोल्यात, तेथे भरलेल्या एका स्पर्धेत.

अकोल्याचा हा दाखला मला विशेष विचार करण्याजोगा वाटतो. त्या दिवशी त्या मैदानाभोवती जी काही मंडळी असतील, त्यांच्याही समोर तोच पोरगा तोच खेळ खेळत होता. अशोककुमारांना जे दिसले ते इतरांना दिसले नाही, यात त्या मंडळींचा अपराध नाही. दिसण्यासाठी पाहण्याची सवय लागते, आणि ती सवय आपण हॉकीच्या बाबतीत केव्हाच मोडीत काढली आहे. बाले तिवारी किंवा अशोककुमार यांच्यासारखा पारखी एका टोकाला आणि पदक मिळाल्यावर फटाके वाजवणारा समुदाय दुसऱ्या टोकाला, अशी आपल्या हॉकीची स्थिती आहे. या दोहोंच्या मध्ये जो जाणता, तक्रारखोर, दर सामन्याला हजर राहून नव्या पोराविषयी शेजाऱ्याशी हुज्जत घालणारा प्रेक्षकवर्ग असावा लागतो, तो क्रिकेटला आहे, कुस्तीला आहे, हॉकीला नाही.

विवेक सागरची कीर्ती कशी वाढली ते पाहिले म्हणजे हे अधिक ध्यानात येईल. २०१८ च्या त्या पहिल्या वर्षातच तो ब्रेडाच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत आणि जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत खेळला, ब्युनोस आयर्सच्या युवा ऑलिंपिकमध्ये संघनायक म्हणून रौप्यपदक घेऊन आला, आणि २०१९ सालच्या खेळाबद्दल आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने त्याला जगातला सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरवले. त्या निवडीत राष्ट्रीय संघटना व पत्रकार यांच्याबरोबर खेळाडूंची आणि रसिकांचीही मते मोजली जातात, हे लक्षात घेतले पाहिजे. म्हणजे जगभरच्या हॉकीरसिकांत त्याची ओळख पटलेली होती. आपल्याकडे, हॉकीच्या मोजक्या चाहत्यांपलीकडे, त्याचे नाव पोहोचायला टोकियो उजाडावे लागले. २९ जुलै २०२१ रोजी अर्जेंटिनाविरुद्ध सामना १-१ असा अडलेला असताना ५८ व्या मिनिटाला त्याने गोल केला, भारत ३-१ असा जिंकला, पुढे एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिकचे पदक मिळाले; आणि मग मध्य प्रदेश सरकारने एक कोटी रुपये व पोलीस उपअधीक्षकाचे पद जाहीर केले. लान्स नाईकपासून उपअधीक्षकापर्यंत हुद्दा पुष्कळ चढला, याचा मला आनंदच आहे. शिरस्ता मात्र तोच राहिला. आधी पदक, मग सरकारी हुकूम, आणि शेवटी लोकांची ओळख.

यात आणखी एक मेख अशी की, विवेक सागर हा मधल्या फळीचा खेळाडू आहे आणि टोकियोतला तो गोल हे त्याच्या नित्याच्या कामाचे चित्र नव्हे. त्याच्या जागेवरच्या खेळाडूचे कसब पाहायचे तर चेंडूवरून नजर काढावी लागते. चेंडू अजून पंधरा पावलांवर असताना असा खेळाडू मान वळवून एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या खांद्यावरून मागे पाहून घेतो. चेंडू येतो त्या क्षणी त्याचे शरीर आधीच तिरपे वळलेले असते, त्यामुळे स्टिकवर चेंडू थांबणे आणि पुढच्याकडे सरकणे या दोन क्रिया जवळपास एकच होतात, आणि अंगावर धावून आलेला प्रतिस्पर्धी मोकळ्या जागेवर झेप घेऊन पुढे निघून जातो. गॅलरीत टाळी वाजत नाही. दोन पास पुढे गोल होतो, तेव्हा टाळी गोल करणाऱ्याला मिळते. मैदानी हॉकीच्या अधिकृत गुणपत्रिकेतही नाव त्याचेच येते, मिनिट त्याचेच येते. पास कोणी दिला याची नोंद करण्याची रीत तीत नाही.

बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या उत्तर अमेरिकेत ही रीत आहे. तेथे गोल करणाऱ्यास एक गुण, आणि त्याच्यापर्यंत चेंडूऐवजी असणारी ती चकती पोहोचवणाऱ्या दोघांपर्यंत प्रत्येकास एक गुण, असा हिशेब प्रत्येक सामन्याच्या रोजकीर्दीत लिहिला जातो. १९७९-८० च्या हंगामात कॅनडातील एडमंटनच्या संघाकडून वेन ग्रेट्स्की नावाचा किरकोळ शरीरयष्टीचा मुलगा तेथील मोठ्या लीगमध्ये प्रथमच उतरला. हंगामाच्या आरंभी तो अठरा वर्षांचा होता. त्याने ५१ गोल केले, पण ८६ गोलांना हातभार लावला, आणि १३७ गुणांसह तो मार्सेल डिऑन या मुरलेल्या खेळाडूच्या बरोबरीने अग्रस्थानी राहिला. डिऑनचे गोल दोनांनी अधिक म्हणून गुणांचे पारितोषिक डिऑनला गेले. तेथील न्यायालाही गोलाचा मोह सुटत नाही, असे यावरून म्हणता येईल! तरी लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून निवड झाली ती ग्रेट्स्कीचीच. जर ते ८६ पास कोणी टिपून ठेवलेच नसते, तर कॅनडातल्या खेडोपाडीच्या रसिकाने या पोराला ५१ गोल करणारा आणखी एक गडी म्हणूनच ओळखले असते, असे मला वाटते. तेथील रसिक जन्मतः आपल्याहून शहाणा नसतो. त्याच्या हाती रोज सकाळी अधिक शहाणा कागद पडतो, एवढेच.

येथे आम्हा वृत्तपत्रवाल्यांचा संबंध येतो. महाराष्ट्राला हॉकी परकी नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, जेथे वडील मैदानाची निगराणी करीत, तेथे मोडक्या स्टिकांनी खेळून धनराज पिल्ले घडला आणि चार ऑलिंपिक खेळला. मुंबईत चर्चगेटच्या परिसरात या खेळाचे स्वतंत्र स्टेडियम आहे. तथापि आमच्या क्रीडापानावर स्थानिक हॉकीच्या वाट्याला येते ती तळाची चार ओळींची बातमी: अमुक संघाने तमुक संघास ४-२ असे हरवले, गोल अमक्याने व तमक्याने केले. सोळा वर्षांचा एखादा मुलगा हंगामभर मधल्या फळीत उत्तम खेळला तरी त्याचे नाव या चार ओळींत येण्याची सोयच नाही, आणि जे नाव कधी छापलेच गेले नाही ते वाचकाने ओळखावे कसे? क्रिकेटच्या सामन्यात झेल कोणी घेतला हे आपण वर्षानुवर्षे छापीत आलो. तेवढ्याने यष्टीमागचा आणि स्लिपमधला माणूस घरोघरी माहीत झाला.

तेव्हा माझी सूचना अगदी लहान आहे, आणि ती अमलात आणण्यास सरकारी फर्मानाची, अनुदानाची वा समितीची गरज नाही. आंतरराष्ट्रीय महासंघ आपली गुणपत्रिका बदलील तेव्हा बदलील. शालेय, विद्यापीठीय व क्लबांच्या हॉकी सामन्यांच्या बातम्या देणाऱ्या बातमीदाराने यापुढे प्रत्येक गोलापुढे, गोल करणाऱ्याच्या नावाला लागून, पास देणाऱ्याचेही नाव लिहावे. आणि संपादकाने जागेच्या सबबीवर ते कापू नये. त्यासाठी बातमीदाराला अर्थातच सामन्याला जावे लागेल, आणि निकाल दूरध्वनीवरून विचारून घेण्याची सध्याची रीत सोडावी लागेल.