लुटुपुटीची शर्यत

सेलूहून (जि. वर्धा) आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचें पत्र आलें आहे. घर एकत्र कुटुंबाचें; दोघां भावांचीं मुलें एकाच माडीवर अभ्यास करितात आणि, पत्रलेखकांच्याच शब्दांत सांगावयाचें तर, पुस्तकांपेक्षां मोटारीच अधिक पळवितात. थोरला नागपुरास इंजिनिअरिंग शिकतो. त्यास संगणकाला जोडावयाचें स्टिअरिंगचें चाक आणि पायांखालचे ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर हवे आहेत. धाकटा आठवींत असून मोबाईलवरच तृप्त आहे. थोरल्याचें म्हणणें, धाकट्याचा खेळ पोरकट व खोटा. धाकट्याचें म्हणणें, दादाचा खेळ हा खेळच नव्हे, ती परीक्षा आहे. वडील माणसांचा प्रश्न मात्र तिसराच आहे. गांवावरून नागपूर-तुळजापूर महामार्ग जातो, तालुक्यांतून समृद्धि महामार्ग गेला आहे, आणि थोरल्यास अठरा वर्षें नुकतींच पुरीं झालीं आहेत. तेव्हां ह्या दोहोंपैकीं कोणता खेळ मुलास रस्त्यावर शहाणा करील आणि कोणता वेडा?

हा प्रश्न आज एकाच घरचा राहिलेला नाहीं, म्हणून त्याचा विचार आम्ही खासगी उत्तरांत न करतां येथेंच करीत आहों.

धाकट्याच्या पंथाचा उगम कोठें आहे, हें आधीं पाहूं. जपान व अमेरिका येथील शहरांतून नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रांचीं दालनें असत. त्यांस आर्केड म्हणत, व त्यावरूनच ह्या तऱ्हेच्या खेळांस तें नांव पडलें. नाम्को कंपनीचा 'पोल पोझिशन' १९८२ सालीं निघाला. सेगा कंपनीच्या यू सुझुकी ह्यांनीं रचलेला 'आउट रन' १९८६ सालचा. नाम्कोचाच 'रिज रेसर' १९९३ चा. ह्या यंत्रांपुढें उभा राहणारा मनुष्य हा वाटसरू. त्यास अर्ध्या मिनिटांत मौज वाटली पाहिजे, आणि थोड्याच मिनिटांत त्याचा डाव संपून पुढचें नाणें पडलें पाहिजे. ह्या पद्धतीचे सारे गुणदोष दुकानदाराच्या ह्या हिशेबांतून निघाले आहेत. वळणावर गाडी कशीही फेकली तरी ती डौलानें घसरत पुढें निघते. आपटली तर पुन्हां रस्त्यावर येऊन उभी राहते. आणि अशा कित्येक खेळांत आपण मागें पडलों कीं पुढच्या गाड्या गुपचूप मंदावतात, म्हणजे गिऱ्हाइकाची आशा सुटत नाहीं. 'आउट रन'मध्यें तर निघण्यापूर्वीं गाडींतल्या रेडिओवर कोणतें गाणें लावावयाचें तेंही खेळणाऱ्यानेंच ठरवावयाचें. ज्यांच्या घरीं पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं पहिला संगणक आला त्यांस 'रोड रॅश' स्मरत असेल. शेजारच्या स्वारास लाथ मारावी, आपण उताणे पडावें, आणि उठून धांवत जाऊन पुन्हां आपल्या मोटारसायकलीवर बसावें! तो खेळ पाहून खरा रस्ता असाच असतो असें कोणाही शहाण्या मुलास वाटलें नसेल.

थोरल्याचा पंथ नंतर बलवान झाला. १९९७ च्या डिसेंबरांत सोनीच्या प्लेस्टेशन यंत्रासाठीं जपानांत 'ग्रान तुरिस्मो' प्रसिद्ध झाला. काझुनोरी यामाउची हे त्याचे कर्ते. त्यांत मोठ्या शर्यतींत उतरण्यापूर्वीं परवान्याच्या परीक्षा द्याव्या लागत: इतक्या अंतरांत गाडी थांबवून दाखवा, हें एक वळण इतक्या वेळांत काढून दाखवा. धाकटा आपल्या दादाच्या खेळास परीक्षा म्हणतो, तें अक्षरशः खरें आहे. पुढच्याच वर्षीं संगणकावर 'ग्रां प्री लेजंड्स' आला. त्यांत १९६७ सालच्या शर्यतींच्या गाड्या होत्या, आणि त्या इतक्या अवघड कीं नवशिक्यास एक फेरी धड पुरी करणेंही कठीण जाई.

ह्या पद्धतीचें मर्म चित्रांत नाहीं, तें टायराच्या पकडींत आहे. मोटारीच्या प्रत्येक चाकाचा जमिनीस टेकलेला भाग सुमारें तळहाताएवढाच असतो, आणि त्याची पकड ही एकत्र कुटुंबाच्या मिळकतीसारखी ठराविक असते. तीच थांबण्यासाठीं खर्चावयाची, तीच वळण्यासाठीं. कर्त्या पुरुषानें वर्षाची सारी मिळकत एका लग्नांत उडविली तर त्या सालीं मुलांच्या शिक्षणास दमडी उरत नाहीं. तद्वत् सारी पकड ब्रेकमध्यें खर्चिली तर चाक कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. आर्केडच्या खेळांत ही मिळकत जणूं अक्षय्य थाळीच. वास्तव पद्धतींत तिचा पैन् पै हिशेब द्यावा लागतो. हा हिशेब ज्याच्या बोटांस कळला त्यास कांहीं खरें ज्ञान झालें, ह्यांत शंका नाहीं. यान मार्डनबरो नांवाचा ब्रिटिश तरुण २०११ सालीं ह्याच 'ग्रान तुरिस्मो'च्या स्पर्धेंत विजयी होऊन खऱ्या शर्यतींत गेला, आणि २०१३ सालीं फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतींत त्याच्या चमूस आपल्या वर्गांत तिसरें स्थान मिळालें.

परंतु त्याच तरुणाच्या चरित्रांत पुढचें एक पान आहे. १९१५ नव्हे, आपल्याच काळांतली गोष्ट: २०१५ च्या मार्चमध्यें जर्मनींतील न्यूरबुर्गरिंग येथें एका उंचवट्यावर त्याची गाडी हवेनें उचलली गेली, कुंपणापलीकडे जाऊन पडली, आणि एका प्रेक्षकाचा प्राण गेला. २०२३ सालीं ह्या तरुणावर चित्रपट निघाला. सत्यकथा म्हणून दाखविलेल्या त्या चित्रपटांत हा अपघात ल माँच्या आधीं घडल्याचें दाखविलें, म्हणजे नायकानें दुःख गिळून यश मिळविल्याचा देखावा साधतो. वास्तवाच्या नांवानें काय काय खपतें, ह्याचें हें उदाहरण आम्हांस त्या खेळापेक्षांही बोधक वाटलें.

आमच्या वाचकांस ह्याच वादाची एक जुनी कथा तोंडपाठ आहे, आणि ती विदर्भाचीच आहे. नळराजा बाहुकाच्या रूपानें ऋतुपर्णाचा रथ अयोध्येहून कुंडिनपुरास एका दिवसांत आणतो. तें कुंडिनपुर म्हणजे अमरावती जिल्ह्यांतील, वर्धा नदीच्या कांठचें कौंडिण्यपूर असें परंपरा मानते. अयोध्येपासून हें अंतर सरळ रेषेंत मोजलें तरी सातशें किलोमीटरांहून अधिक भरतें. एका दिवसांत घोडे तें काटतील काय? हा शुद्ध आर्केडचा रथ झाला. पण कवि चतुर. वाटेंत ऋतुपर्णाचें उत्तरीय पडतें, तो रथ थांबवावयास सांगतो, आणि बाहुक म्हणतो कीं तें आतां योजनभर मागें राहिलें. एवढ्या एका वस्त्रानें ऐकणाऱ्यास वेग कळतो. पुढें ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें नुसत्या नजरेनें मोजून सांगतो, बाहुक रथ थांबवून तीं पडताळून पाहतो, आणि मग दोघे विद्यांची अदलाबदल करितात. राजा संख्येचें व फाशांचें ज्ञान, अक्षहृदय, देतो. सारथी अश्वहृदय देण्याचें वचन देतो.

थोरल्या मुलास जें यंत्र हवें आहे त्यांत अक्षहृदय भरपूर आहे. अश्वहृदय मात्र त्यांत नाहीं, आणि कितीही पैसे टाकले तरी तें त्यांत येणार नाहीं. तें पाहावयाचें तर वऱ्हाडांत तळेगांव दशासरच्या शंकरपटास जावें. तेथील धुरकऱ्यास बैलाचा श्वास, त्याचें बुजणें, त्याचा थकवा हें सारें हातांतल्या कासऱ्यांतून कळतें. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजीं महाराष्ट्रांत अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य धरला. चाबूक-काठी वापरावयाची नाहीं, ही त्या अटींतली मुख्य गोष्ट. म्हणजे इतकीं वर्षें न्यायालयांत जो वाद चालला तो शर्यतीच्या मौजेबद्दल नव्हता. त्या मौजेची किंमत बैलानें किती द्यावी ह्याबद्दल होता. आर्केडमध्यें किंमत नाण्याची, वास्तव खेळांत गेलेल्या वेळेची व दुखावलेल्या अभिमानाची. रस्त्यावरची किंमत बहुधा दुसऱ्याच कोणाकडून वसूल होते.

आमचा निर्णय विचारला तर धाकट्याचा खोटा खेळ निर्धास्तपणें चालूं द्यावा, आणि थोरल्याचा खरा खेळही, घरास झेपत असेल तर, आणून द्यावा. भय वाटावें असा प्रकार तिसराच आहे, आणि हल्लीं बाजारांत तोच भरला आहे. ह्यांत चित्र वास्तवाचें असतें आणि नियम आर्केडचे. गाडी हुबेहूब खऱ्या कंपनीची, कांचेवर पावसाचे थेंब, ओल्या डांबरावर दिव्यांचें प्रतिबिंब, समोरून येणारीं साध्या लोकांचीं वाहनें. पण ताशीं दोनशें किलोमीटर वेगानें त्यांतल्या एकावर आदळलें तरी थोडा पत्रा चेपतो आणि शर्यत चालूच. 'फोर्झा होरायझन'सारख्या खेळांत तर बटण दाबून काळ मागें फिरवितां येतो. 'रोड रॅश'मधलें चित्र स्वतःच सांगे कीं मी खोटें आहें. ह्या नव्या चित्रांत ती कबुली उरलेली नाहीं. डोळा फसला कीं हात फसण्यास वेळ लागत नाहीं.

म्हणून थोरल्यास चाक घेऊन देतांना एक अट घालावी. यंत्रांत मोडतोड व टायराची झीज पूर्ण चालू ठेवावी, आणि सरळ रस्त्यावरचा हिशेब त्यानें एकदां कागदावर करून घरच्या मंडळींस समजावून सांगावा. ताशीं १२० किलोमीटर वेगानें गाडी एका सेकंदांत ३३ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो एक सेकंद गेलाच. पुढें कोरड्या डांबरावर थांबावयास सुमारें ८० मीटर. एकूण ११३. ताशीं ६० असतां हीच बेरीज सुमारें ३७ भरते. वेग दुप्पट झाला म्हणजे ब्रेकचें अंतर चौपट होतें, हें गणित शाळेंत सर्वांनींच केलेलें असतें. घराजवळच्या धुऱ्यावर ११३ मीटर पावलांनीं मोजून पाहिले तर तें अधिक चांगलें कळेल.

धाकट्याबद्दलही दोन शब्द सांगणें भाग आहे, कारण अशा घरांतून "बाजारापर्यंतच तर जातो" म्हणून स्कूटरची किल्ली आठवींतल्या मुलाच्या हातीं देण्याची रीत आहे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीन मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनाच्या मालकास पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते, आणि वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द होते. मोबाईलवर वाटेल तितकें आपटावें, त्यास कोणी विचारीत नाहीं.

आतां राहिली एक गोष्ट, जी दोन्ही भावांच्या खेळांत सांपडणार नाहीं: कंटाळा. शर्यतीचा खेळ कितीही वास्तव असला तरी तो शर्यतीचा असतो. क्षणोक्षणीं कांहीं घडत असतें. पेन व टेलर ह्या अमेरिकन जादूगारांच्या जोडीनें १९९५ च्या सुमारास 'डेझर्ट बस' नांवाचा एक खेळ थट्टेनें करविला, तो त्या वेळीं बाजारांत आलाच नाहीं. त्यांत टूसॉनहून लास व्हेगासला ताशीं सुमारें ७२ किलोमीटर वेगानें रिकामी बस न्यावयाची. वाट सरळ वाळवंटांतून, वेळ खरोखरीचे आठ तास. मध्येंच थांबवितां येत नाहीं. बस किंचित् उजवीकडे ओढते, म्हणून चाक सोडतांही येत नाहीं. पोंचल्यावर एक गुण मिळतो. २००७ पासून कॅनडांतील एक मंडळी मुलांच्या मदतीसाठीं निधि गोळा करण्यास हाच खेळ दिवसचे दिवस खेळत आली, कारण पैसे मिळाल्यावांचून तो कोण खेळणार?

नागपूर ते मुंबई आठ तासांत, असें समृद्धीविषयीं प्रथमपासून सांगितलें गेलें. ११ डिसेंबर २०२२ रोजीं शिर्डीपर्यंतचा आणि ५ जून २०२५ रोजीं शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला. त्यावर वळणें थोडीं, गांवें बाजूला, चौक नाहींत. थोरल्यानें यंत्रावर कमावलेलें वळणाचें कसब तेथें क्वचितच लागेल. तेथें लागतें तें डोळे उघडे ठेवणें. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजानजीक नागपुराहून पुण्यास निघालेली बस उलटून पेटली व पंचवीस माणसें गेलीं. वर्धा जिल्ह्यांतील घरांनीं तो दिवस विसरणें शक्य नाहीं. ह्या मार्गानें लांबच्या प्रवासास निघणाऱ्यांनीं रात्रीची वेळ टाळावी, दर दोन तासांनीं उतरून पाय मोकळे करावे, आणि चालकाच्या शेजारीं जागा राहून बोलत बसणारें माणूस कोण, हें घरांतून निघण्यापूर्वींच ठरवून ठेवावें.