जुन्या मोटारीचा उत्पादन खर्च काढा



वेचणी आटोपली, कापसाचे चार पैसे हातात आले, की घराघरात एक प्रश्न निघतो. एखादी जुनी मोटार घेऊन टाकावी का? चौदा वर्षे वापरलेली, एक लाख वीस हजाराची. दलाल म्हणतो, "भाऊ, एवढ्यात तर आता चांगली बैलजोडीही येत नाही!"

शहरातला शहाणा हे ऐकून नाक मुरडतो. कर्जमाफी मागतात आणि मोटारी घेतात, म्हणतो. त्याला आधी उत्तर देऊ. रात्री बारा वाजता लेकीला कळा सुरू होतात, शेवटची एसटी संध्याकाळीच गेलेली असते आणि तालुक्याचा दवाखाना पंचवीस किलोमीटरवर. नोकरदाराने मोटार घेतली तर गरज आणि शेतकऱ्याने घेतली तर माज, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

पण हक्क आहे म्हणून डोळे झाकून घ्यायची का? हिशेबाची गोष्ट आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात सरकारने दीडपट भावाची घोषणा केली, ती हातचा खर्च आणि घरची मजुरी एवढेच धरून. जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज सोडून दिले. आपण गरजलो, सी-२ धरा, पूर्ण खर्च धरा! बरोबरच गरजलो. मग मोटार घेताना आपण काय धरतो? फक्त दलालाने सांगितलेली किंमत. सरकारकडे सी-२ मागणारा शेतकरी स्वतःच्या दारात ए-२ सुद्धा धरत नाही.

तर पूर्ण खर्च मांडू. समजा, मोटार वर्षाला चार हजार किलोमीटर चालली. लिटरला १४ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर तेलाचे ३०,००० रुपये झाले. विम्याचे ४,०००. टायर आणि बॅटरीची वर्षाची वाटणी ६,०००. मिस्त्रीचे १५,०००, आणि जुन्या गाडीला हे कमीच. चार वर्षांनी गाडी ४०,००० ला विकली, तर वर्षाची घट २०,०००. गुंतलेल्या रकमेवर शेकडा १२ ने व्याज १४,४००. फेरनोंदणीची वाटणी १,०००. एकूण ९०,४०० रुपये. म्हणजे किलोमीटरला साडेबावीस रुपये! २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये होता. त्या भावाने ही मोटार दरवर्षी जवळजवळ बारा क्विंटल कापूस खाते. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल पिकले, तर जवळपास तीन एकरांचे सगळे पीक तिच्या पोटात गेले. तुमचे आकडे वेगळे असतील. ते घाला, पण एकही रकाना गाळू नका. मग गावातल्या भाड्याच्या गाडीचा दर विचारा आणि ताडून पाहा.

शिवाय मोटारीला हंगाम कळत नाही. आपला पैसा येतो दिवाळीनंतर. क्लच जातो जूनमध्ये, नेमका बियाणे आणि खत घ्यायच्या दिवशी. पीककर्जातून मोटार घेणे म्हणजे बियाण्याची ज्वारी दळून भाकरी थापणे.

आता सरकारचे पाहा. पंधरा वर्षांनंतर मोटारीची फेरनोंदणी करण्याचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० झाले. राज्याचा पर्यावरण कर वेगळाच. कारण काय, तर धूर. पण शुल्क धुरावर नाही, किती किलोमीटर चालली यावरही नाही, फक्त वयावर! वर्षाला चार हजार किलोमीटर चालणारी खेड्यातली गाडी आणि रोज शहरात धूर ओकणारी गाडी एकाच मापाने मोजली जाते.

दुसरा न्याय ऐका. परदेशातली तीन वर्षांहून जुनी मोटार सर्वसाधारणपणे या देशात आणता येत नाही. कारखानदाराला संरक्षण हवे ना! आणि कापूस? त्यावरचा ११ टक्के आयात कर १९ ऑगस्ट २०२५ पासून उठवला आणि सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, ऐन वेचणीत. आपण विकतो तेव्हा दार सताड उघडे, विकत घेतो तेव्हा कुलूप. त्या बंद बाजारात आपण जुनी मोटार घ्यायला निघालो आहोत, हे ध्यानात ठेवा.

मग घ्यायचीच नाही का? घ्या, पण आपल्या अटींवर. शिलकीच्या पैशातून घ्या, पीककर्जातून किंवा सावकाराकडून नाही. किमतीच्या चौथाईएवढी रक्कम दुरुस्तीला बाजूला ठेवता येत नसेल, तर थांबा. दलालाच्या नव्हे, आपल्या मिस्त्रीकडून इंजिन तपासा. नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा आहे का ते पाहा. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथला रस्ता कर धरला की स्वस्ताई उडते. आणि नाव लगेच बदलून घ्या. विकणाऱ्यानेही हे पाहावे. गाडी त्याच्या नावावर राहिली तर अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकाच्या गळ्यात पडते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे.

एवढे करून परवडली, तर ताठ मानेने दारात उभी करा. नाही परवडली, तर त्यात लाज तुमची नाही. बारा क्विंटल कापूस विकूनही एक जुनी मोटार पोसता येत नसेल, तर खोट मोटारीत नाही, कापसाच्या भावात आहे. जिल्हा बैठकीला येताना हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी कागदावर मांडून आणा. भाव मागायला तोच कागद पुढे करू.